एक तुकडा परत

गुडघ्याएवढीच असते ती.
ग्वापोरेच्या काठच्या रानात, जिथे भर दुपारीही
कंदील हवासा वाटतो,
साठ-साठ हात उंच झाडांच्या पायांशी
उभी असते, कुणी बोलावलं नसताना
लग्नाला आलेल्या मुलीसारखी.

पानं समोरासमोर,
आणि प्रत्येक जोडीच्या मध्ये देठावर एक फाटकी झालर.
बाबा म्हणायचे, हीच ओळख. फुलाची वाट बघू नकोस,
फूल म्हणजे चिमूटभर मीठ,
फळ म्हणजे चार लाल दाणे, तिथे पाखरं आधी पोचतात.

कॉफीची ही चुलत बहीण, पोआया.
बहिणीला अख्खं जग सकाळी उठून ओठांशी धरतं,
हिला कुणी धरलंच तर नाक दाबून.
हिची मुळी, मण्यांची माळ गिळल्यासारखी गाठीगाठींची,
पोटात गेली की
पोटातलं काहीच पोटात राहू देत नाही.

पाच वर्षांची असताना मी एरंडाच्या बिया खाल्ल्या,
ठिपक्याठिपक्यांच्या, गोचिडीसारख्या, मोजून चार.
शेजारच्या बायांनी संतांना हाका मारल्या,
बाबांनी पोत्यात हात घातला.
ती चव अजून जिभेच्या बुडाशी आहे.
आधी बिया आल्या, मग सकाळचा कसावा,
मग वाटलं, आता माझं नावसुद्धा बाहेर येणार,
इ-झा-ल्ती-ना,
सगळी अक्षरं सुटी.

बाबा, देओलिंदो, पोआया खणणारे.
लोखंडी टोकाची काठी, सराकुआ तिचं नाव.
टोक खुपसायचं, बुंधा हलकेच उचलायचा,
मुळ्या झटकून पोत्यात,
आणि एक तुकडा मोडून परत मातीत.
वर टाचेने दाब.
तुकडा विसरला त्याला रान
पुढच्या वर्षी वाट दाखवत नाही, असं म्हणत.
बाबा कधी विसरले नाहीत.
टाचेचा तो दाब त्यांच्या चालीतच उतरला होता,
चर्चच्या फरशीवरसुद्धा.

म्हातारपणी एका रात्री, कॉफी उकळत होती,
हवापाण्याचं बोलावं तसे बोलले:
"एवारिस्तोला साप चावला ना,
तेव्हा त्याचं पोतं माझ्यापेक्षा जड होतं."
मी साखरेचा डबा उघडा धरून उभी.
"दोन दिवस बसलो त्याच्यापाशी. तिसऱ्या दिवशी पुरला.
मग दोन्ही पोती विकली. एकाच नावावर."

बेचाळीस वर्षं.
बेचाळीस वर्षं त्याची बायको पेर्पेतुआ
आमच्या कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती,
आणि दर नाताळला बाबा तिच्या दारात
डुकराची एक मांडी ठेवून यायचे, न बोलता.
आम्हाला वाटायचं, माणूस दिलदार आहे.

ज्याने उभा जन्म ही मुळी खणली
त्याच्या पोटात एवढं राहिलं कसं?
विचारलं नाही. कॉफी उतू गेली.

सकाळी मीच गेले कुंपणापलीकडे.
पेर्पेतुआ शेंगा सोलत होती.
सगळं ऐकलं. हातातली शेंग पुरी केली.
"ठाऊक होतं. तोलाईवाल्याने त्याच आठवड्यात सांगितलं."
मग बोलली का नाहीस?
"मांडी चांगली असायची," म्हणाली.
आणखी तीन शेंगा. मग खाली बघतच:
"पुरला कसा होता? खोल?"
खोल, मी म्हटलं. मला काय माहीत.

घरी आले तर बाबा खिडकीशी.
"काय म्हणाली?"
मांडी चांगली असायची म्हणाली.
बाबा हसले. मग हसू आवरेना,
मग ते हसू राहिलं नाही,
मी पाठीवरून हात फिरवत राहिले,
एकदा त्यांनी माझ्या फिरवला होता तसा.

आता ते नाहीत.
परसात आंब्याच्या गडद सावलीत
एक पोआया आहे, त्यांनीच आणून लावलेली.
नीट वाढत नाही. मरतही नाही.
पेर्पेतुआ रोज भांडी विसळलेलं पाणी तिच्यावर ओतते,
मी नको म्हटलं तरी.